अॅफिलिएट नेटवर्क निवडताना मी आधी पट्टी बघते

प्रश्न थोडक्यात असा आलाय: मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, इन्स्टाग्रामवर बाल्कनीतल्या कुंड्या-रोपांचं मराठी पेज, साडेचार हजार फॉलोअर. ती लिहिते, "ताई, टेलिग्रामवर एका नेटवर्कचा माणूस भेटला, कुंड्या आणि खतांवर ३० टक्के कमिशन देतो म्हणतो, जॉइनिंगचे ४,९९९ आहेत, त्यातले ५०० टोकन म्हणून दिलेत. मैत्रीण म्हणते अॅमेझॉनच बरं. खात्रीचं नेटवर्क कुठलं तेवढं सांगा. आणि पॅन-आधार मागतायत ते द्यायचं का?"

वयाने लहान आहेस म्हणून अगंतुगं करते, राग मानू नकोस.

सगळ्यात आधी, उरलेले ४,४९९ भरू नकोस. आजही नाही, "उद्यापासून ऑफर बंद" असं सांगितलं तरी नाही. अॅफिलिएट म्हणजे आपण टाकलेल्या लिंकवरून कोणी वस्तू घेतली की आपल्याला कमिशन, आणि मध्ये बसून हे जुळवून देणाऱ्या नेटवर्कचं पोट माल विकणाऱ्या कंपनीच्या पैशावर चालतं, गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला जे कमिशन जातं त्यावर ते कंपनीकडून आपला वाटा घेतात, म्हणजे तू त्यांच्यासाठी माल आणणारी आहेस, तुझ्याकडूनच पैसे घ्यायचं त्यांना कारण काय? एक अपवाद माझ्या माहितीत आहे, अॅविन नावाचं मोठं परदेशी नेटवर्क फालतू अर्ज येऊ नयेत म्हणून अर्जासोबत छोटी अनामत घेत आलंय आणि अर्ज मंजूर झाला की ती तुझ्याच खात्यात जमा दाखवतं. ती काही डॉलरची गोष्ट, ४,९९९ ची नाही. आणि तो टेलिग्रामवाला जर म्हणाला असेल की अजून चार मैत्रिणी जोड, त्यांच्या जॉइनिंगमधून तुला मिळतील, तर ते अॅफिलिएट नव्हेच, ती साखळी आहे, त्यावर आपल्याकडे १९७८ पासून बंदीचा कायदा आहे आणि २०२१ च्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांतही पिरॅमिड स्कीमला मनाई आहे. गेलेल्या ५०० चा यूपीआयचा स्क्रीनशॉट, चॅट, त्याचा नंबर, सगळं जपून ठेव आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदव. पाचशेसाठी कोण फोन करतंय असं वाटेल, पण तोच यूपीआय आयडी अजून पन्नास जणींना दिलेला असतो.

आता मूळ मुद्दा. "खात्रीचं नेटवर्क कुठलं" याचं एका नावात उत्तर मी देत नाही, कारण तुझी अडचण नावाची नाहीच आहे. अॅफिलिएट हा सरळसरळ उधारीचा धंदा आहे. रील तू आज बनवणार, वस्तू लोक या महिन्यात घेणार, परत करायची मुदत संपायला अजून काही दिवस, मग कंपनी नेटवर्कला पैसे देणार, मग नेटवर्क तुला. दोन-तीन महिने सहज जातात. तेवढा काळ तुझी मजुरी दुसऱ्याच्या गल्ल्यात पडून असते आणि किती विकलं गेलं हेही तोच सांगणार, तुला दिसत काहीच नाही.

मी वाळवा तालुक्यातली. आमचे आप्पा ढोबळी मिरची पुण्याला मार्केट यार्डात पाठवायचे, रात्री टेंपो भरायचा आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरच्या हातून पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाचा कागद यायचा. वजन, दर, हमाली, तोलाई, अडत, सगळं वजा होऊन खाली एक आकडा. वजन आप्पांच्या डोळ्यासमोर कधीच झालं नाही, तरी वीस वर्षं व्यवहार चालला. कसा? एक तर ते दोन अडत्यांकडे माल पाठवायचे, आणि पट्टी आली की शेजारच्या काकांची त्याच दिवसाची पट्टी मागवून दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघायचे. नवीन अडत्या असला तर पहिल्यांदा दहाच क्रेट. मी गेली आठ-नऊ वर्षं मिक्सर, घरघंटी, इंडक्शन असल्या स्वयंपाकघरातल्या वस्तूंवर मराठीत लिहिते आणि व्हिडिओ करते, आणि खरं सांगते, नेटवर्क पारखायची माझी पद्धत हीच आहे, फक्त पट्टीच्या जागी डॅशबोर्ड, म्हणजे नेटवर्कच्या साइटवर आपली विक्री आणि कमिशन दाखवणारं पान आलंय.

आधी कोण कोण मध्ये आहे ते बघ. एक प्रकार म्हणजे दुकानाचा स्वतःचा प्रोग्रॅम, जसा अॅमेझॉनचा असोसिएट्स, तो १९९६ पासून चालू आहे, त्यात मध्ये कोणी नाही. दुसरा म्हणजे नेटवर्क, जिथे अनेक कंपन्या एका छताखाली असतात आणि प्रत्येक कंपनीकडे वेगळा अर्ज करावा लागतो, व्हीकमिशन, अॅडमिटॅड, इम्पॅक्ट, सीजे ही त्यातली नावं. तिसरा म्हणजे क्यूलिंक्स किंवा अर्नकरोसारखे, ते स्वतः नेटवर्ककडून किंवा कंपनीकडून लिंक घेतात आणि पुढे आपल्याला देतात, एकाच अर्जात बरीच दुकानं मिळतात म्हणून नवीन माणसाला सोपं, पण मध्ये एक हात वाढला की त्याचाही वाटा जातो. ही नावं मी शिफारस म्हणून घेत नाहीये, प्रकार कळावा म्हणून घेतेय. हात जितके जास्त तितकी पट्टी उशिरा येणार आणि तक्रार केली की "वरून कन्फर्म झालं नाही" हे वाक्य तितकं जास्त ऐकायला मिळणार.

माझी फसगत सांगते, त्यातून मला जे कळलं ते कुठल्या कोर्समध्ये नव्हतं. २०१९ मध्ये एका छोट्या नेटवर्कवर गेले, नाव घेत नाही. दर चांगला, डॅशबोर्ड चकचकीत, मॅनेजर रोज गुड मॉर्निंग पाठवणारा. पहिली दोन पेमेंटं वेळेवर आली आणि मी निर्धास्त झाले, सगळ्या जुन्या लेखांतल्या लिंक बदलून त्यांच्या टाकल्या, म्हणजे दहा क्रेटवरून थेट अख्खा टेंपो. प्रत्येक पेमेंटमधून टीडीएस कापल्याचं डॅशबोर्डवर लिहिलेलं, तेव्हा कमिशनवर ५ टक्के होता. नोव्हेंबर संपत आला तेव्हा मी सहज २६एएस, म्हणजे आपल्या नावावर कोणी किती कर कापून सरकारकडे भरला ते दाखवणारा तक्ता उघडला, त्यात अॅमेझॉनची नोंद होती, बँकेची होती, या लोकांची नव्हती. जुलै ते सप्टेंबरचं टीडीएस रिटर्न ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचं असतं, त्यामुळे तोवर दिसायलाच हवं होतं. मॅनेजरला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, पुढच्या क्वार्टरला रिफ्लेक्ट होईल." मी मान्य केलं, माझीच चूक. जानेवारीत लॉगिन बंद, फोन बंद, आणि पेंडिंगमध्ये माझे ३१ हजार चारशे. नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं की जो माणूस माझ्याकडून कापलेला कर सरकारला भरत नाही तो माझं कमिशन मला का देईल? तेव्हापासून कुठल्याही भारतीय नेटवर्कची माझी पहिली परीक्षा २६एएस. तुझ्या पॅनवर इन्कम टॅक्सच्या साइटवर ते फुकट दिसतं. आता कमिशनवरचा टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के आहे आणि एप्रिल २०२५ पासून वर्षाला एका कंपनीकडून २० हजारांच्या पुढे गेलीस तरच कापतात, त्यामुळे सुरुवातीला कदाचित कापला जाणारच नाही. पण ज्याने कापला म्हणून सांगितलं त्याची नोंद तिमाही संपल्यावर शोधायचीच.

पैसे अडकायच्या आधी जे बघता येतं तेही बघ. वेबसाइटच्या तळाशी कंपनीचं पूर्ण नाव आहे का, नुसता ब्रँड नको, अमुक प्रायव्हेट लिमिटेड. ते नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर टाक, कधी नोंदणी झाली, चालू आहे का ते दिसतं. जीएसटी नंबर दिला असेल तर जीएसटी पोर्टलवर टाकून बघ, त्याच नावाचा निघतो की भलत्याच दुकानाचा. साइटचं डोमेन कधी घेतलंय ते हूइज लुकअपमध्ये कळतं, "दहा वर्षांचा अनुभव" म्हणणाऱ्याचं डोमेन चार महिन्यांचं निघालं की पुढे काही बघायची गरज नाही. आणि ज्या कंपन्यांचे लोगो त्यांनी पहिल्या पानावर लावलेत त्यातल्या दोन कंपन्यांना सरळ ईमेल कर, तुमचा अॅफिलिएट प्रोग्रॅम अमुक नेटवर्ककडे आहे का म्हणून. उत्तर दोन-चार दिवसांत येतं, कधी येतही नाही, पण "आमचा यांच्याशी संबंध नाही" असं उत्तर मला दोनदा आलंय.

एक मात्र आहे, हे सगळं नीट निघालं तरी तेवढ्याने खात्री होत नाही. माझ्या त्या नेटवर्कची कंपनी रीतसर नोंदलेली होती. कागद चांगले असणं म्हणजे फक्त पुढची पायरी चढायची मुभा.

पुढची पायरी म्हणजे दहा क्रेट. एक लिंक बनव, मोबाइलच्या इन्कॉग्निटोमध्ये उघड आणि अॅड्रेस बारकडे बघत राहा. मध्ये एक-दोन पत्ते झरझर बदलतात आणि शेवटी दुकानाचं पान उघडतं, त्या शेवटच्या पत्त्यात प्रश्नचिन्हाच्या पुढे जी लांब शेपटी असते त्यात तुझा किंवा नेटवर्कचा आयडी दिसायला हवा. दुकानाचं पान कोऱ्या पत्त्यासकट उघडलं तर बहुतेक वेळा मध्ये काहीतरी गळलंय, सपोर्टला विचार, आणि ते किती तासांत उत्तर देतात तेही वहीत लिही. स्वतः ऑर्डर करून टेस्ट करायचा मोह होतो, तो टाळ, अॅमेझॉनसकट बहुतेकांच्या नियमात स्वतःच्या लिंकवरून स्वतः घेतलेलं धरत नाहीत, उलट खातं जाऊ शकतं. आई-मावशीला लिंक पाठवून "इथूनच घे" म्हणणं पण त्यातच येतं.

त्यापेक्षा खरी ऑर्डर यायची वाट बघ. माझ्याकडे एका बाईंनी कमेंट केली होती, "ताई, आजच तुमच्या लिंकवरून घरघंटी मागवली, बारा हजार चारशेला पडली." मी तारीख, वेळ, किंमत वहीत लिहिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॅशबोर्डवर त्याच तारखेची एक विक्री आली, रक्कम साधारण साडेदहा हजार. पहिल्यांदा वाटलं हे कमी दाखवतायत, मग कळलं की कमिशन जीएसटी वजा जाता धरतात. बाराचे साडेदहा जुळले. अशा पाच-सात ऑर्डरी कमेंटमधून कळल्या आणि सगळ्या सापडल्या तर तो माणूस वजन नीट करतोय. कुंड्यांच्या पेजवर तर लोक फोटोच टाकतात, तुला हे माझ्यापेक्षा सोपं जाईल.

आता विक्री सापडली नाही म्हणजे चोरीच झाली असंही नाही, इथे नवीन लोक फार लवकर भडकतात. अॅमेझॉनवर क्लिक केल्यापासून २४ तासांत घेतलं किंवा कार्टमध्ये टाकलं तरच धरतात, बाईने आज बघितलं आणि रविवारी नवऱ्याला विचारून पुन्हा शोधून घेतलं तर तुझं काही नाही. बहुतेक ठिकाणी शेवटची क्लिक ज्याची त्याला कमिशन, त्यामुळे तुझी रील बघून आलेली मुलगी पैसे भरायच्या आधी कूपन शोधायला किंवा कॅशबॅकच्या अॅपवर गेली की तुझी नोंद पुसली जाते. डिसेंबर २०२४ मध्ये पेपलच्या मालकीच्या हनी या कूपनच्या एक्स्टेन्शनवर हाच आरोप झाला, की कूपन शोधायच्या नावाखाली ते यूट्यूबवाल्यांच्या क्लिकवर आपली क्लिक चढवतं, मोठा गदारोळ झाला होता. आणि तुझ्यासाठी खास म्हणजे इन्स्टाग्रामच्या आतच उघडणारा ब्राउझर. लिंक त्यात उघडते, तिथे माणूस लॉगिन नसतो, मग तो ते बंद करून थेट दुकानाचं अॅप उघडतो आणि तिथून घेतो. लिंक अॅपमध्येच उघडते का हे दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर तपासून घे.

कॅन्सलेशनचंही तसंच. सुरुवातीला सगळं "पेंडिंग" दिसतं, मग काही "व्हॅलिडेट", म्हणजे पक्कं होतं, काही "कॅन्सल". मातीच्या कुंड्या फुटून येतात, कॅश ऑन डिलिव्हरी असली तर लोक दारातूनच परत पाठवतात, त्यामुळे तुझ्या विषयात कॅन्सलचं प्रमाण माझ्यापेक्षा जास्त असणार, किती ते वस्तूवर आहे, आत्ता सांगता येणार नाही. मी प्रमाणापेक्षा कारण बघते. प्रत्येक कॅन्सलसमोर "परत केलं", "ऑर्डर रद्द", "कूपन वापरलं" असं काही लिहिलंय का? की महिनाअखेरीला एकदम बारा ऑर्डरी कारणाशिवाय गायब? दुसरा प्रकार दोनदा झाला की मी लिंक काढते, वाद घालत बसत नाही.

म्हणजे आत्तापर्यंतचं बघितलं तर पैसे मागत नाही, नाव-गाव खरं आहे, वजन बरोबर करतो, कापलेलं कारणासकट दाखवतो, आणि टीडीएस कापला तर भरतो. एवढं ज्याच्याकडे तीन महिने टिकलं तो माझ्या लेखी खात्रीचा, मग नाव कुठलंही असू दे.

तुझ्या ३० टक्क्यांकडे येते. २०० रुपयांच्या कुंडीवर ६० रुपये कमिशन. त्या दोनशेत माती, भट्टी, पॅकिंगचा बबल रॅप, कुरिअर, वेबसाइटचं कमिशन, जीएसटी, फुटलेल्या मालाचं नुकसान, एवढं सगळं बसवून वर तुला साठ आणि नेटवर्कला वेगळे कोण देणार? होस्टिंग, सॉफ्टवेअर, ऑनलाइन कोर्स यांवर ३०-४० टक्के खरंच मिळतात, कारण तिथे एक प्रत जास्त विकली म्हणून खर्च फारसा वाढत नाही. हाताला लागणाऱ्या वस्तूवर असा दर दिसला की एक तर किंमत फुगवलेली असते, नाहीतर द्यायचेच नसतात.

आणि नेटवर्कच्या यादीत जे सगळ्यात वर चमकतं, "प्रत्येक इन्स्टॉलमागे अमुक रुपये", त्या गेम्सच्या आणि लोनच्या अॅपच्या ऑफरींपासून लांब राहा. पैसे लावून खेळायच्या गेम्सची जाहिरात करणं २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने गुन्हा आहे, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि पेज तुझं असल्यामुळे नाव तुझंच पुढे येणार. इन्स्टंट लोनची अॅप तर मी बायकांच्या पेजवर बघते तेव्हा अंगावर काटा येतो. जे नेटवर्क अशी ऑफर नवीन मुलीला पहिल्याच दिवशी पाठवतं त्याची बाकीची पट्टीसुद्धा मी तपासायच्या भानगडीत पडणार नाही.

मैत्रिणीचं म्हणणं चूक नाही. अॅमेझॉनचे दर कमी आहेत, पण रोपांचं खत, स्प्रे पंप, कोकोपीट सगळं तिथे आहे आणि लोकांचा भरवसा आहे म्हणून क्लिकनंतर खरेदी होते. फक्त खातं उघडल्यापासून १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर ते खातं बंद करतात, म्हणून आधी आठ-दहा रील अशा बनव ज्यात तू वापरलेली वस्तू दिसते, मग अर्ज कर. ज्या पेजवर लिंक टाकणार ते पेज अर्जात दाखव. त्याच्या जोडीला एखादं दुसरं, वर सांगितल्याप्रमाणे पारखून. एकावरच राहू नकोस, कारण खात्रीचा माणूससुद्धा दर बदलतो, एप्रिल २०२० मध्ये अॅमेझॉनने अमेरिकेत फर्निचरसारख्या वस्तूंवरचं कमिशन ८ टक्क्यांवरून ३ वर आणलं होतं, कोणी फसवलं नाही, नियमात होतं, तरी ज्यांचं सगळं त्यावरच चालायचं त्यांचे हाल झाले. परदेशी नेटवर्क आत्ता नको, तिथे अमेरिकेतल्या करासाठीचा डब्ल्यू-८बेन फॉर्म, डॉलरचं रूपांतर, बँकेचे चार्जेस, चार-पाचशे रुपयांच्या कमाईसाठी एवढा उपद्व्याप परवडत नाही. आणि रीलवर "जाहिरात" किंवा "अॅफिलिएट लिंक" असं ठळक लिही, तीन ओळींखाली हॅशटॅगच्या गर्दीत नाही, ग्राहक मंत्रालयाच्या जानेवारी २०२३ च्या सूचनांमध्ये ते सांगितलंय.

राहिला पॅन-आधारचा प्रश्न. पॅन खऱ्या नेटवर्कलाही लागतो, टीडीएससाठी, न दिल्यास २० टक्क्यांपर्यंत कापतात, त्यामुळे पारखून झाल्यावर पॅन आणि बँकेचा खाते नंबर, आयएफएससी द्यायला हरकत नाही, कोणी रद्द केलेला चेक मागतं तेही ठीक. आधार मागितलं तर का ते विचार, आणि द्यावंच लागलं तर मास्क केलेलं दे, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून डाउनलोड होतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. ओटीपी, यूपीआय पिन, स्क्रीन शेअर करायचं अॅप, आणि "तुमच्या खात्यावर आमचे थोडे पैसे येतील ते पुढे पाठवा", यातलं काहीही निघालं की ब्लॉक कर. शेवटचं तर फार सांभाळ, त्यात दुसऱ्याचे फसवणुकीचे पैसे तुझ्या खात्यातून फिरतात आणि बँक खातं गोठवते तुझं. टेलिग्रामवाल्याला आधारचा फोटो आधीच पाठवला असशील तर यूआयडीएआयच्या साइटवर किंवा अॅपमध्ये जाऊन बायोमेट्रिक लॉक करून टाक, आजच.